इझमची यादी मागितलीस म्हणून

प्रिय बाळा,

परवाचा तुझा मेसेज वाचला. सगळ्या इझमची, म्हणजे चित्रकलेतल्या वादांची आणि चळवळींची, एक यादी द्या, साल, चित्रकार आणि प्रत्येकाची चार चार वैशिष्ट्यं, म्हणजे पेपरच्या आधी पाठ होईल. आणि खाली वेगळा प्रश्न, मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधल्या चित्रकारांची शैली चार मुद्द्यांत सांगा. यादी करायला मला अर्धा तास पण लागणार नाही, पण आज देत नाहीये, रागावू नकोस, आधी हे वाच.

तुझ्या वयाचा असताना मी पण वहीत कॉलम पाडून सगळं पाठ केलं होतं, मार्कही चांगले पडले. मग मुंबईत एका प्रदर्शनात चित्रकार गायतोंडेंच्या चित्रासमोर उभा राहिलो आणि माझ्याकडे त्याच्यासाठी एकच शब्द होता, अमूर्त. तो मनात म्हणून झाल्यावर पुढे काय बघायचं तेच कळेना, दोन मिनिटांत पुढच्या भिंतीकडे गेलो. त्याची चुटपुट अजून आहे मला. म्हणून हे लिहितोय.

बघ, इझमचं नाव बहुतेक वेळा नंतर येतं आणि ते पण दुसराच कोणीतरी देतो. इम्प्रेशनिझम घे, पुस्तकात तुम्हाला दृक्‌प्रत्ययवाद म्हणून आहे. 1874 मध्ये पॅरिसला नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत मोने वगैरे फ्रेंच चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन लावलं, त्यात मोनेचं सूर्योदयाचं चित्र होतं, त्याच्या नावातला इम्प्रेशन हा शब्द एका समीक्षकाने टिंगल करायला उचलला आणि तेच नाव चिकटलं. पण मोनेची अडचण काय होती ते विचार ना. उजेड दर थोड्या वेळाने बदलतो, तो पकडायचा तर बाहेर बसूनच रंगवायला पाहिजे आणि हात भरभर चालला पाहिजे. आणि ते जमायला लागलं त्यात रंगाच्या ट्यूबचा मोठा वाटा आहे, ती निघाली 1841 मध्ये, त्याआधी घोटलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, तो घेऊन नदीकाठी हिंडणार कसं? तू कॅम्लिनची ट्यूब पिळतेस ना लँडस्केपला, तेव्हा हे आठव. सुटे, तुटक फटकारे हे "वैशिष्ट्य क्रमांक एक" नाहीये, उजेड पळतोय म्हणून ते तसे आलेत.

क्युबिझमचं पण तसंच. घन, कोन, अनेक बाजू एकदम, हे तुला पाठ असेलच. त्यापेक्षा पिकासोचं 1912 चं एक छोटंसं लंबगोल चित्र बघ, नेटवर मिळेल. त्यात वेताच्या खुर्चीची वीण दिसते, ती त्याने रंगवलेली नाहीये, वेताची वीण छापलेलं मेणकापड, आपल्याकडे टेबलावर घालतात तसलं, ते सरळ कापून चिकटवलंय, आणि चौकटीच्या जागी भोवती चक्क जाड दोर. म्हणजे खरी वस्तू कुठली, तर दोर. वीण छापलेली, खोटी. आणि बाकीचं रंगवलेलं, ते काय मग? हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की 1917 मध्ये द्युशाँ ह्या फ्रेंच कलाकाराने मुतारीचं भांडं सही करून प्रदर्शनाला का पाठवलं ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता तुझा प्रोग्रेसिव्हचा प्रश्न. ह्याला चार मुद्दे नाहीयेत, कारण त्यांची एक शैली नव्हतीच. 1947 ला मुंबईत सहा जण एकत्र आले, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझा गोव्याचा, जाड काळ्या रेषेने चेहरे ओरबाडल्यासारखे काढायचा. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेला. बाकरे तर मुळात शिल्पकार. जुनं अकॅडमिक वळण नको आणि अवनींद्रनाथ टागोरांच्या बंगाल स्कूलचा हळवेपणा पण नको, एवढ्यावर सगळ्यांचं जुळत होतं, बाकी हात प्रत्येकाचा वेगळा. चळवळ वेगळी आणि शैली वेगळी, पेपरात हेच लिही, कोणी मार्क कापले तर कापू दे.

गायतोंडे ह्या ग्रुपला थोडे नंतर जोडले गेले. जन्म नागपूरचा, 1924 चा, घराणं मूळ गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांना स्वतःला अमूर्त हा शब्द पसंत नव्हता, आणि माझ्याकडे नेमका तोच होता! मी बऱ्याच वर्षांनी परत त्यांच्या एका चित्रासमोर बसलो तेव्हा नाव बाजूला ठेवलं आणि फक्त रंग कसा लागलाय ते बघत राहिलो. ते रोलर वापरायचे आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची पातळ सुरी. थरावर थर, खालचा ओला असतानाच कुठे खरवडलेला, कुठे कागदाचे फाडलेले तुकडे दाबून रंग उमटवलेला किंवा उचललेला. लांबून एकच रंग वाटतो, जवळ गेलीस की खालून दुसरा उजेड वर येताना दिसतो, पाण्याच्या तळाशी काहीतरी असावं तसा. वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे ते. मी त्या दिवशी तासभर बसलो असेन, आणि पहिल्यांदा वाटलं की हे मला दिसतंय.

आजच्यातलं म्हणशील तर पटवर्धनांपासून सुरू कर, सुधीर पटवर्धन. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून 2005 पर्यंत प्रॅक्टिस करत करत रंगवत होते, लोकल, इराणी हॉटेल, लोअर परळ, सगळी आपली रोजची माणसं, आणि त्यात फ्रेंच चित्रकार सेझानचा प्रभाव शोध, सापडेल. व्हिडिओ आणि इन्स्टॉलेशनचं, म्हणजे मांडणशिल्पाचं, नंतर बोलू, नलिनी मलानींपासून सुरुवात करू, ते पत्रात मावणार नाही.

तर आता एक कर. ह्या शनिवारी काळा घोड्याला एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जा (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेव), एकच चित्र निवड, पाटी वाचू नकोस, अर्धा तास बस. वहीत एवढंच लिही की आधी काय लावलंय, त्यावर काय लावलंय, कुठे पुसलंय, कडेला येऊन चित्रकार थांबलाय की बाहेर गेलाय. त्या पानाचा फोटो मला पाठव, अक्षर कसं का असेना. रात्री फोन करतो, मग यादी पण देतो.

तुझा
सर