प्रागमध्ये आईबाबांसोबत दीड दिवस : काय पाहावं, काय सोडावं?

तुमचा प्रश्न वाचला. मे महिन्यात शुक्रवारी दुपारी एकला प्रागला पोचणार, शनिवारी संध्याकाळी बर्लिनची परतीची गाडी. सोबत साताऱ्याहून आलेले आईबाबा, दोघंही शाकाहारी, त्यात बाबांचे गुडघे दुखतात. आणि यादीत ठिकाणं सतरा! मी बर्लिनलाच राहते, प्रागला तीनदा गेले, त्यातली एक खेप आईला घेऊन. त्या अनुभवावरून सांगते, यादीतली निम्म्याहून जास्त ठिकाणं आत्ताच खोडा. पेत्रशिनचा मनोरा, नाचणारी इमारत, बोटीची सफर, विशेहराद हे सगळं पुढच्या वेळेला ठेवा. तीन जागा नीट बघा : योसेफोव्ह, चार्ल्स ब्रिज आणि किल्ला.

क्रम महत्त्वाचा आहे. योसेफोव्ह म्हणजे जुनी ज्यू वस्ती. तिथली संग्रहालयं आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद असतात, त्यामुळे तुमच्याकडे शुक्रवारची दुपारच आहे. हॉटेलात सामान टाका आणि थेट तिकडेच जा. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं.

तिथे पिंकास सिनेगॉगला भरपूर वेळ द्या. आत मूर्ती नाही, सजावट नाही, भिंतींवर फक्त नावं. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, जवळजवळ ७८ हजार ज्यूंची नावं हातानं रंगवलेली आहेत. आडनाव लाल रंगात, पुढे काळ्या बारीक अक्षरात घरातल्या एकेकाचं नाव आणि तारखा. माझी आई एका ओळीपाशी थांबली आणि हवेत बोट धरून वयं मोजायला लागली. एका घरातलं शेवटचं नाव १९३८ साली जन्मलेल्या मुलाचं होतं, पुढची तारीख १९४२ ची. "चार वर्षांचं गं," एवढंच म्हणाली आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छळछावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार स्वतः तिथे कैदेत असताना त्या मुलांना चित्रकला शिकवायची. १९४४ मध्ये तिला आउशवित्झला नेऊन मारलं, पण त्याआधी तिनं दोन सुटकेस भरून मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे लपवून ठेवली होती. शेजारच्या जुन्या दफनभूमीत जागा पुरेना म्हणून थरावर थर देऊन माणसं पुरली, त्यामुळे शिळा एकमेकींना टेकून वाकड्यातिकड्या उभ्या आहेत. बाबांना आत डोकं झाकावं लागेल, टोपी जवळ असू द्या.

यानंतर लगेच दुसरं काही 'बघायला' पळू नका. चालत दहा मिनिटांवर जुन्या शहराचा चौक आहे, तिथे निवांत बसा. खगोलीय घड्याळ १४१० सालचं. दर तासाला येशूच्या शिष्यांच्या बाहुल्या खिडकीतून फिरतात त्यासाठी तोबा गर्दी होते, पण तो खेळ मिनिटभरात संपतो. खरी गंमत तबकडीत आहे. बाबांना पंचांगात रस असेल तर राशिचक्राचं कडं दाखवा. सूर्य कोणत्या राशीत आहे ते तिथे कळतं, मात्र ते सायन गणित, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं. आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांवरून मोजलेलं, म्हणून सुमारे २४ अंशांचा फरक पडतो. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुने चेक तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजायचे.

शनिवारी पहाटे साडेपाचला चार्ल्स ब्रिजवर हजर राहा. आपले आईबाबा तसेही पाचला उठून बसलेले असतात, त्याचा इथे फायदा घ्या. दहानंतर त्याच पुलावर खांद्याला खांदा लागतो. जुन्या शहराच्या बाजूनं चढा, म्हणजे सूर्य पाठीशी आणि समोर किल्ल्यावर ऊन. चौथ्या चार्ल्स राजानं १३५७ मध्ये बांधायला घेतलेला हा पूल ५१६ मीटर लांब आहे. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, बरेचसे आता प्रतिकृती. त्यातला सगळ्यात जुना, १६८३ चा, संत यान नेपोमुकचा. त्याला १३९३ मध्ये नदीत फेकलं होतं. पुतळ्याखालचा धातूचा पट लोकांचे हात लागून लागून सोन्यासारखा झालाय, बाकी सगळं काळं पडलेलं.

हॉटेलवर येऊन नाश्ता करा आणि मग २२ नंबरची ट्राम पकडा. किल्ला टेकडीवर आहे, पायऱ्या चढवून बाबांना दमवू नका. 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरलात की चढ उरतच नाही. तिकीट ट्राममधल्या यंत्रात एकदा शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड होतो. किल्ल्यातलं मोठं चर्च, कॅथेड्रल, नऊला उघडतं, तेव्हाच आत शिरा. १३४४ ला सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ ला पूर्ण झालं. डाव्या हाताची, चित्रकार अल्फोन्स मुखा याची रंगीत काचेची खिडकी शोधा आणि समोर उभे राहा. मनोऱ्याच्या २८७ पायऱ्या बाबांसाठी नाहीत.

खाली येताना नेरुदोवा रस्ता सुंदर आहे. घरांना नंबर नव्हते तेव्हाच्या खुणा दारांवर अजून आहेत, तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. पण दगडी उतार आहे आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. दुखायला लागलं तर हट्ट न करता मागे फिरा, तीच २२ नंबरची ट्राम खाली मालोस्त्रान्स्के नामेस्तीच्या चौकात आणून सोडते.

खाण्याचं म्हणाल तर मेनूत 'बेझमासा यीद्ला' हे शीर्षक शोधा, म्हणजे बिनमांसाचे पदार्थ. 'स्माझेनी सीर' हे तळलेलं चीज बटाट्यांबरोबर सगळीकडे मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं आणि सोबतच्या सॉसमध्येही. बटाट्याचं सूप मागवताना मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारा. डबा नेलात तर उत्तमच. आम्ही थेपले नेले होते.

पैसे : तिथे युरो नाही, कोरुना चालतो. चौकाजवळच्या एका खिडकीवर 'कमिशन नाही' वाचून मी शंभर युरो बदलले आणि दरातच फार गेले. २०१९ पासून तिथे कायदा आहे की एक हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार पावती दाखवून तीन तासांत रद्द करता येतो. मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, शौचालयासाठी सुटी नाणी ठेवा.

आणि गाडीत जागा आरक्षित करताना जाताना डावी खिडकी, येताना उजवी. ड्रेस्डेन ते प्राग रूळ नदीकाठानं जातात, आधी एल्ब, मग व्ल्टावा. मे महिन्यात साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतताना सीमेवरचे ते उभे वालुकाश्माचे कडे आईबाबांना बसल्या जागी दिसतील.