मानेतली ग्रंथी छातीत कशी?

प्रश्न : माझ्या आईला (वय 58) तीन वर्षांत दोनदा मूतखडा झाला. रक्तातील कॅल्शियम 11.8 आणि पॅराथायरॉइड हार्मोन 190 आले. मानेच्या सोनोग्राफीत काहीच दिसले नाही. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये मात्र छातीच्या मधल्या हाडामागे गाठ असावी असे म्हटले आहे. आता डॉक्टर सीटी स्कॅनही करायला सांगतात. त्याची गरज आहे का? हा कर्करोग तर नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आईंच्या आजाराचे निदान स्कॅनवर नव्हे, रक्ताच्या अहवालावर उभे आहे. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखण्याचे काम मानेतल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपल्या हार्मोनद्वारे करतात. कॅल्शियम वाढले की निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी आपला स्राव आवरतात. येथे दोन्ही एकदम वाढले आहेत, म्हणजे एखादी ग्रंथी, बहुधा तिच्यातील गाठीमुळे, आवर न मानता स्रवत आहे. म्हणून सोनोग्राफीत काही दिसले नाही, याचा अर्थ गाठ नाही असा घेऊ नका. सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडचे दाखवत नाहीत.

या ग्रंथी सहसा चार असतात. गर्भावस्थेत त्यांपैकी खालच्या दोन थायमस या छातीतल्या (रोगप्रतिकाराशी संबंधित) ग्रंथीच्या सोबतीने जबड्याच्या बाजूने खाली उतरत येतात. एखादी वाटेतच थांबते, एखादी थायमसबरोबर थेट छातीत पोहोचते. ती जन्मापासून तेथेच असते, तिच्यात गाठ मात्र पुढे होते. अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात. कर्करोग फार क्वचित आढळतो.

जागा आधी कळणे किती मोलाचे आहे, हे याच आजाराच्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाच्या हकिकतीवरून समजते. अशी स्कॅन नसलेल्या त्या काळात, 1926 पासून त्यांच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. 1932 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातव्या शस्त्रक्रियेत गाठ छातीत सापडली, पण काही आठवड्यांतच ते वारले.

न्यूक्लिअर स्कॅनमध्ये टोचलेले टेक्नेशियम-सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य थायरॉइडही शोषून घेते, परंतु ती ते लवकर सोडते; पॅराथायरॉइडच्या गाठीतील पेशींत मायटोकाँड्रिया (पेशींतील ऊर्जा तयार करणारे घटक) विपुल असल्यामुळे तेथे ते रेंगाळते आणि दोन-तीन तासांनंतरच्या चित्रात तो ठिपका उठून दिसतो. मात्र लसीका ग्रंथींसारख्या इतर ऊतींतही ते कधी कधी साठते, आणि गाठ महाधमनीच्या किती जवळ आहे हे ठिपका सांगत नाही. सीटी स्कॅन नेमके तेच दाखवते. छातीला हात लावण्यापूर्वी दोन वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवावी, हा तुमच्या डॉक्टरांचा आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटतो. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर फ्लुओरोकोलीन पेट स्कॅन या आणखी एका न्यूक्लिअर तपासणीचा विचार करता येतो. सीटीपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) अवश्य तपासून घ्या, कारण चित्र स्पष्ट यावे म्हणून त्यात टोचले जाणारे कॉन्ट्रास्ट औषध मूत्रपिंडांवर भार टाकू शकते.

थायमसमधील गाठ अनेकदा मानेतल्या छेदातूनच वर ओढून काढता येते. ती खोल असेल तर दुर्बिणीने छातीतून काढतात. शस्त्रक्रिया सुरू असतानाच पॅराथायरॉइड हार्मोन तपासण्याची सोय आहे का, हे सर्जनना जरूर विचारा. गाठ काढल्यावर दहा मिनिटांत ते निम्म्याहून कमी झाले, तर योग्य गाठ निघाली असे समजण्यास चांगला आधार मिळतो.