दख्खनी मेंढीची लोकर कुठं विकायची? सुरुवात कातरणीपासून करा

साताऱ्याच्या माण तालुक्यातून तुम्ही विचारलं आहे: घरी ८० दख्खनी मेंढ्या आहेत, कातरायला जेवढा खर्च येतो तेवढेही पैसे व्यापारी लोकरीचे देत नाही, मागची लोकर बांधावर टाकून द्यावी लागली. ही लोकर घेणारं कुणी आहे का, आणि सरकार किंवा एखादी संस्था यात मदत करते का?

आमचं घर सणगरांचं, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांचं. सासूबाई शेवटपर्यंत चरखा चालवत होत्या, घरात माग अजून आहे. आज मी मेंढपाळांकडून लोकर घेते, कातून-विणून घेते आणि घोंगड्या, आसनं विकते. म्हणून लोकर घेणाऱ्याच्या बाजूनं जे दिसतं ते सांगते. घेणारे आहेत, संस्थाही आहेत. पण लोकरीचा भाव कातरणीच्या दिवशीच ठरून जातो. एकदा काळी, पांढरी, लांब, आखूड, पोटाखालची सगळी एकाच पोत्यात कोंबली की ती लोकर कुठल्याही दारात नेली तरी तिला तोच भाव मिळणार.

आधी तुमचा आवाका बघू. दख्खनी मेंढी वर्षाच्या दोन कातरण्या मिळून साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर देते. ८० मेंढ्यांची झाली ४० ते ६० किलो. धूळ, लेंड्या, कुसळं, गोखरू काढून पिंजल्यावर त्यातली दोन-तृतीयांश हातात राहते. एका चांगल्या घोंगडीला दोन-अडीच किलो सूत लागतं. म्हणजे सगळीच लोकर कातण्याजोगी निघाली असं धरलं तरी वर्षाला १०-१५ घोंगड्या होतील. हा माल ट्रक भरून बिकानेरला पाठवण्याचा नाही, आणि पाठवूनही फायदा नाही. बिकानेरची मंडी गालिच्याच्या लोकरीची. गालिच्याला पांढरी लोकर हवी, कारण तिला हवा तो रंग चढतो. मगरा, चोकला या राजस्थानी मेंढ्यांची लोकर त्यासाठीच चालते. आपली दख्खनी लोकर बहुतेक काळी-करडी, तिच्यावर दुसरा रंग बसत नाही. कपड्याच्या गिरण्यांना तर मेरिनो मेंढीची मऊ लोकर लागते. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या आतला. दख्खनीचा त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड, आणि त्यात राठ केसांचा भरणा मोठा. त्यामुळे स्वेटरच्या बाजारात आपण नाही. हे एकदा मनात पक्कं केलं की पुष्कळ वणवण वाचते.

आपली लोकर चालते ती जाड, टिकाऊ, नैसर्गिक काळ्या रंगाच्या विणकामाला आणि जेनेला, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरीच्या चादरीला. तिथं मात्र तिला तोड नाही, हे मी धंदा म्हणून नाही, मनापासून सांगते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल शोषून घेते तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून तर धनगर भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन रानात उभा राहतो. शेकोटीची ठिणगी पडली तर तेवढी जागा जळून विझते, पेट घेत नाही. पानिपतच्या जुन्या कपड्यांच्या धाग्याच्या ब्लँकेटनं आणि ॲक्रिलिकच्या शालीनं आपला बाजार खाल्ला तो स्वस्ताईच्या जोरावर, गुणाच्या जोरावर नाही.

आता कातरणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी गोम इथं आहे.

कातरायच्या आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन काढायची आपली जुनी पद्धत सोडू नका. पाणी टंचाईच्या भागात दरवेळी जमत नाही हे मला माहीत आहे, पण जमेल त्या वेळी करा, आणि धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. दमट लोकर पोत्यात भरली की आतून तापते, पिवळी पडते आणि तंतू कुजतो. कातरायला जमीन सारवलेली नाही तर ताडपत्री अंथरलेली हवी. मातीत कातरलेली लोकर वजनाला भरते खरी, पण आम्ही ती हातात घेऊन झटकतो आणि भाव तिथंच पडतो.

कातर अंगालगत चालवायला सांगा. वरवर कातरून मग राहिलेलं पुन्हा साफ केलं की तंतूचे दोन तुकडे होतात. असे आखूड तुकडे कातताना धाग्यात धरत नाहीत, गळून पडतात. कातरणाऱ्यांना मजुरी मेंढीमागं मिळते, त्यामुळे ते घाई करतात. त्यांना चार पैसे जास्त द्या आणि समोर उभं राहून करून घ्या. तो खर्च परत येतो.

आणि कातरतानाच ढीग वेगळे करा. पहिल्या कातरणीचं कोकराचं जावळ वेगळं ठेवा. ते सगळ्यात मऊ असतं आणि जावळाची घोंगडी गिऱ्हाईक मागून घेतं. पाठीची-बाजूची लांब काळी लोकर दुसऱ्या ढिगात. करडी-तांबूस आणि पांढरी आणखी वेगळ्या, कारण काठाला आणि पट्ट्याला आम्हाला त्याच लागतात. पोट, पाय, शेपटीकडची राठ-मळकी लोकर शेवटच्या ढिगात. प्रत्येक ढीग तरटाच्या पोत्यात किंवा जुन्या सुती धोतरात बांधा. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात अजिबात नाही. त्याचे धागे सुटून लोकरीत मिसळतात, पिंजताना दिसत नाहीत आणि विणून झाल्यावर घोंगडीभर चमकतात. मेंढ्या ओळखण्यासाठी ऑइलपेंट किंवा डांबराची खूण करत असाल तर ती कपाळावर, शिंगावर करा. पाठीवरची खूण म्हणजे तेवढी लोकर वाया. साठवताना कोरडा कडुलिंबाचा पाला घाला आणि अधूनमधून ऊन दाखवा. कसर लागली तर दोन महिन्यांत भुसा होतो.

एवढं केलेली लोकर घेऊन या, मग भावाचं बोलू. माझ्यासारख्या घेणाऱ्याला निवडलेल्या लोकरीला जास्त पैसे देणं परवडतं, कारण निवडायची मजुरी माझी वाचते आणि सूत एकसारखं येतं.

पुढची अडचण कातण्याची आहे आणि ती खरी मोठी आहे. लोकर मुबलक आहे, विणकरही अजून शोधले तर सापडतात. कातणाऱ्या बायका उरल्या नाहीत. ज्या आहेत त्या साठीच्या पुढच्या. घरकाम सांभाळून एका घोंगडीचं सूत कातायला आठवडा सहज जातो, आणि वर्षानुवर्षं त्या कामाला इतके कमी पैसे दिले गेले की त्यांच्या सुनांनी चरख्याला हात लावला नाही. त्यांचं बरोबरच होतं. तुम्हाला लोकरीतून काही उभं करायचं असेल तर घोंगडीची किंमत कातणारीच्या मजुरीपासून मांडत चला. तिचा रोज शेतमजुरीच्या रोजाएवढा धरा, त्यावर विणकराची मजुरी, चिंचोक्याची खळ आणि इतर खर्च, मग तुमची लोकर, मग विक्रीचा खर्च. येणारी किंमत बाजारातल्या ब्लँकेटच्या कितीतरी वर जाईल. जाऊ द्या. त्या किमतीला घेणारं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते १०-१५ घोंगड्यांना पुरून उरतं. उलट कमी किमतीत विकायला गेलात तर कुणाचीतरी मजुरी मारूनच विकाल, आणि ती बाईचीच मारली जाते.

कातण्याची अडचण टाळून करता येण्यासारखी वस्तू म्हणजे जेन. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, पाणी शिंपडून गुंडाळायची आणि दाबून-लाटून तिची एकजीव चादर करायची. सूत लागत नाही, माग लागत नाही. आखूड लोकरही यात खपते. पूजेची, पोथीला बसायची, ध्यानाची आसनं जेनेची सुंदर होतात. लहान वस्तू असल्यानं गिऱ्हाईक पहिल्यांदा घ्यायला कचरत नाही, आणि टपालानंही पाठवता येते. मी नव्यानं सुरू करणाऱ्याला घोंगडीच्या आधी आसनच करायला सांगते.

शेवटच्या ढिगातली राठ लोकर विकायच्या मागं लागू नका. तुमच्याकडं, आटपाडी-सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा आहेत. झाडाच्या बुंध्याभोवती ती जाड अंथरा, वर थोडी माती टाका. ओल धरून ठेवते आणि हळूहळू कुजून नत्र देते. कच्च्या लोकरीत साधारण ९-१० टक्के नत्र असतं. मेंढ्या बसवायला बोलावणाऱ्या शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागणार नाही, लेंडीखताची किंमत त्याला आधीच कळते.

संस्थांबद्दल. पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याचं एक प्रक्षेत्र, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांचं केंद्र, तुमच्याच तालुक्यात, दहिवडीला आहे, शिवाय महूद आणि रांजणीही तुम्हाला फार लांब नाहीत. तिथं आधी जा. प्रशिक्षण, योजनांचे अर्ज, पैदाशीचा नर, सगळ्याची चौकशी एका ठिकाणी होते. मेंढीपालनासाठीच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेची माहितीही तिथंच विचारा. केंद्र सरकारचं केंद्रीय लोकर विकास मंडळ १९८७ पासून जोधपूरला आहे. त्यांचा समन्वित लोकर विकास कार्यक्रम आहे, पण त्यातली मदत मुख्यतः संस्थांमार्फत येते, तेव्हा एकट्यानं अर्ज करून वाट बघत बसू नका. लोकरीचा तंतू तपासून घ्यायचा असेल तर ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे. मोठ्या घेणाऱ्याशी बोलताना तंतूची जाडी, लांबी कागदावर असली की बोलणं सरळ होतं. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, १९६२ ची. त्यांचं काम अभ्यासण्यासारखं आहे, पण तुमची गरज त्याआधीची आहे.

कच्छमध्ये भुजजवळ खमीर ही संस्था स्थानिक लोकरीचं काम करते. मेंढपाळ, कातणाऱ्या आणि विणकर यांची एकमेकांशी गाठ घालून देणं हेच तिथलं मोठं काम आहे. कधी जमलं तर जाऊन बघा, आपल्याकडं नेमकी हीच साखळी तुटलेली आहे.

विक्रीसाठी मला तीन जागा भरवशाच्या वाटतात. पहिली जत्रा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. तिथं येणाऱ्या माणसाला घोंगडी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, पण तो किमतीला घासाघीस करणार. दुसरी शहरातली प्रदर्शनं: पुण्याची भीमथडी, मुंबईची महालक्ष्मी सरस. सरसमध्ये स्टॉल उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांना मिळतो, म्हणून घरातल्या बायका गटात असतील तर तो रस्ता आजच धरा. तिसरी जागा म्हणजे थेट घरपोच विक्री, एकदा घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या ओळखीनं पुढं जाणारी. त्यात एक गोष्ट कळकळीनं सांगते. घोंगडीनं पाठदुखी जाते, मधुमेह आटोक्यात येतो, असले दावे सर्रास छापलेले दिसतात. तुम्ही ते करू नका. आजारी माणूस आशेनं पैसे देतो आणि मग त्याचा घोंगडीवरचाच विश्वास उडतो. ती खरखरते, सुरुवातीला तिला मेंढीचा वास येतो, धुतल्यावर थोडी आटते, हे आधीच सांगा. सांगून विकलेली घोंगडी परत येत नाही. हातमागाची असेल तर विणकराला हँडलूम मार्क घ्यायला सांगा, यंत्राच्या मालापासून ती वेगळी ओळखू येते.

नराबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. मटणाला भाव आहे म्हणून आपल्या भागात माडग्याळ जातीचा नर सर्रास घातला जातो. कोकरू मोठं होतं, पैसे लवकर मिळतात, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला मी नको म्हणणार नाही. पण माडग्याळच्या अंगावर लोकर नावालाच असते. दोन-तीन पिढ्यांत खांडीतली, म्हणजे कळपातली, लोकर राठ केसांवर येते आणि मग वर लिहिलेल्यातलं काहीही करता येत नाही. सगळी खांड एकाच नराखाली देऊ नका. निदान २०-२५ चांगल्या काळ्या लोकरीच्या मेंढ्या वेगळ्या धरून त्यांना दख्खनी नर ठेवा, लोणंदकडचा किंवा सांगोल्याकडचा, अंगभर दाट लोकर असलेला. दुष्काळात चालायला, कमी चाऱ्यावर तग धरायलाही हीच मेंढी टिकते, हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

शेवटी, एकट्यानं सुरू करू नका. उत्पादक कंपनी काढायला किमान १० सभासद लागतात, पण कंपनीची घाई नको. आधी भावकीतले, शेजारचे पाच-सहा वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारी मेंढपाळांची बिऱ्हाडं, एका दिवशी, एका जागी कातरणी करायला तयार होतात का बघा. तेवढ्यानं दीड-दोनशे किलो निवडलेली लोकर जमते आणि घेणारा गाडी घेऊन दारात येतो. वाडे दिवाळीनंतर कोकणात किंवा मराठवाड्याकडं उतरत असतील तर जायच्या आधीची कातरणी धरा, नंतर सगळे एकत्र सापडत नाहीत.

पुढची कातरणी कधी आहे ते कळवा. मूठभर लांब काळी लोकर आणि मूठभर जावळ उजेडात ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. ती कातायला घेण्याजोगी आहे की जेनेला जाईल, ते बघून सांगते.