कॉपर पेप्टाइडच्या सीरमने सुरकुत्या जातात आणि केस उगवतात का?

चेहऱ्यासाठी थोडंफार हो. टकलासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. या निळ्या सीरममध्ये जीएचके-सीयू असतं: ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन ही तीन अमिनो आम्लं आणि त्यांनी धरून ठेवलेलं तांबं. यातलं जीएचके, म्हणजे या तीन आम्लांची साखळी (पेप्टाइड), संशोधक लॉरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तद्रवात सापडलं. ते त्वचेच्या पेशींना कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) बनवायला लावतं, म्हणून नेटाने दोन-तीन महिने लावलं तर बारीक रेषा जरा कमी दिसू शकतात. खोल सुरकुत्या मात्र हटत नाहीत. केसांबाबतचा पुरावा बराचसा प्रयोगशाळेतलाच. आनुवंशिक टक्कल असेल तर आधी मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं औषध, तेही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून. आणि हो, तांब्याच्या लोट्यातलं पाणी डोक्याला चोळून यातलं काही होत नाही. आमच्या मावशीने करून पाहिलंय!