लहानपणी डॉसवर (विंडोजच्या आधीच्या पीसीवर) 'प्रिन्स', म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम, खेळलेल्याने आता त्याच मालिकेतला नवा 'द लॉस्ट क्राउन' घ्यावा का? की उगाच निराशा पदरी पडेल?

घ्या, बिनधास्त घ्या. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, "असिस्ट (अवघड जागी गेमनेच केलेली मदत) देऊन सोपा करून टाकलाय म्हणे, आमच्या वेळचा खरा प्रिन्स राहिला नाही", त्यावर मला बोलायचंय, कारण हे मी घरात १९९७ पासून ऐकतोय.

मे महिन्याची सुट्टी, कराड. मला आणि दादाला (चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा) कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, शिकायला वर्डस्टार आणि डीबेस ही तेव्हाची सॉफ्टवेअर्स, आणि शेवटची पंधरा मिनिटं सर गेम लावू द्यायचे. एका पीसीवर आम्ही दोघं, म्हणजे कीबोर्ड दादाकडे आणि मी बघायला. गेमला एकूण ६० मिनिटं, त्यामुळे कंट्रोल जी दाबून सेव्ह करायचं आणि उद्या पुढे. दादा शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत जायचा, मग उडी. मला मिळाला की मी धावत सुटायचो आणि त्या कात्रीसारख्या पात्यांत दोन तुकडे. तो प्रिन्स पळताना एकदम थांबत नाही, खऱ्या माणसासारखा दोन पावलं पुढे जातोच, कारण गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. धाकट्याला पळवायचं आणि स्वतः बसायचं ही पद्धत आमच्याकडेही होतीच.

मग शेजारच्या मशीनवरच्या पोराने सांगितलं, गेम सुरू करताना नुसतं प्रिन्स नको, प्रिन्स मेगाहिट टाईप कर, मग शिफ्ट एल दाबलं की पुढची लेव्हल. दादा पाणी प्यायला गेला तेवढ्यात मी बाराव्या लेव्हलवर. तिथे ती सावली येते, चौथ्या लेव्हलला आरशातून निघालेली, तीच, तलवार घेऊन. दादाने येऊन कीबोर्ड ओढला, "तुला लढता येत नाही, सरक." वार केला की सावलीबरोबर आपलंही रक्त कमी होतं, सावली मेली की आपणही मेलो. तीन दिवस दादा मरत होता. चौथ्या दिवशी तो आला नव्हता, मी आपला घाबरून डाऊन ॲरो दाबला आणि तलवार म्यान झाली. समोर सावलीनेही केली. पळत जाऊन भिडलो, दोघं एक झाले, पुढे नुसता खड्डा आणि पाय टाकेल तिथे फरशी उगवतेय!! घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाला, चीट टाकून गेलास, धरत नाही.

अजून धरत नाही.

तर लॉस्ट क्राउन. जानेवारी २०२४ ला आला, फ्रान्समधल्या मॉन्पेलियेच्या स्टुडिओने केलाय, आणि मधली सगळी थ्रीडीची वर्षं बाजूला ठेवून परत जुन्यासारखा बाजूने दिसणारा आडवा गेम. (पुण्या-मुंबईत बनत होता आणि २०२२ ला मॉन्ट्रियलला गेला तो 'सँड्स ऑफ टाइम' या मधल्या गेमचा रिमेक वेगळा, गल्लत नको.) इथे आपण प्रिन्स नाही, सार्गोन नावाचा योद्धा, प्रिन्सला पळवून नेलंय आणि आपण काफ पर्वतावर त्याला शोधतोय. नकाशा एवढा मोठा की कुठलं दार कुठे राहिलं लक्षात राहत नाही, म्हणून तिथल्या तिथे फोटो काढून नकाशावर डकवायची सोय आहे, हे एकच कारण पुरेसं आहे घ्यायला. आणि एक शक्ती मिळते, आपली सावली एका जागी ठेवायची, पुढे जायचं, अडकलो की बटण दाबून परत सावलीपाशी. ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी पॉज करून दादाला फोन केला. त्याने उचलला नाही.

असिस्टचं म्हणाल तर सेटिंगमध्ये चालू केलं तरच उड्यांच्या अवघड जागी पोर्टल दिसतं, त्यातून थेट पलीकडे. मी तीन ठिकाणी वापरलं, चाळिशी उलटलीये, अंगठा दुखतो. दादाचा व्हॉट्सॲपवर रिप्लाय, "धरत नाही". अहो पण मेगाहिट तरी कुणी ठेवलं होतं गेममध्ये? आम्ही कराडच्या पोरांनी? बनवणाऱ्यांनीच ना? मग मालकाने ठेवलेल्या मागच्या दाराने गेलो तर चोरी कसली?

हां, हे सांगायचं राहिलं, मारामारी जुन्यापेक्षा कैक पट जास्त आहे, आणि ते ६० मिनिटांचं घड्याळ नाही, वीसेक तास सहज जातात. ती धाकधूकच हवी असेल तर जुनाच काढा. लॉस्ट क्राउन २०२५ पासून मोबाइलवरपण आहे, सुरुवातीचा भाग फुकट आहे, पण काचेवर बोटं घसरतात, कंट्रोलर असेल तर बरं. आणि जुना काढलात तर बाराव्या लेव्हलला डाऊन ॲरो. दादालापण सांगितलंय, पण तो म्हणतो मला माहीत होतं.