वडील रोज दोन क्वार्टर पितात, श्रावण लागला की एकदम बंद केली तर चालेल का?

नाही, रोज दोन क्वार्टर (360 मिली) व्हिस्की पिणाऱ्याने गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टर गाठा. मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते, ती अचानक काढली की तो भडकतो. साधारण 6 ते 8 तासांत घाम सुटतो, हात इतके थरथरतात की चहाचा कप बशीवर वाजतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि 2 ते 4 दिवसांत भ्रम: माणूस अंगावर नसलेले किडे झटकतो, घरच्यांना ओळखत नाही. याला बाहेरची बाधा समजून अंगारे लावत बसू नका, जिवावर बेततं, थेट हॉस्पिटल. डॉक्टर सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देऊन काही दिवसांत डोस उतरवत आणतात, सोबत थायमिन (बी-1). या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, वर दारू घेतली तर श्वास मंदावतो. जेवणात गुपचूप कालवायची ‘दारू सोडवायची पावडर’ तर नकोच; त्यात डायसल्फिराम (दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं औषध) असेल तर एका पेगनेही बीपी कोसळू शकतं. फक्त शनिवारी एखाद-दोन पेग घेणाऱ्याला मात्र एकदम बंद करण्याचा हा धोका लागू नाही, त्याने श्रावण खुशाल पाळावा.