४/१०/१७ म्हणजे कोणता महिना?

तू लिहिलंस की नवऱ्याला सिअॅटलकडे नोकरी लागली, मे महिन्यात निघायचं आहे, मुलगी साडेचार वर्षांची, तिचे सगळे डोस दर्यापूरकडच्या उपकेंद्रात वेळेवर झालेत आणि कार्डही जपून ठेवलंय. तेवढं तिकडच्या शाळेला चालेल का, की इथूनच काही टोचून न्यायचं, हा तुझा प्रश्न. उत्तर एका ओळीचं आहे बाई: कार्ड लागतंच, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढचं सारं मी कायले लिहून राहिले ते मलाच नीट माहीत नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पोरगा झोपला, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून एक जुनी गोष्ट पोटात ढवळून राहिली.

कोणत्या वर्गाला कोणती लस ते राज्याच्या आरोग्य खात्याच्या तक्त्यात दिलेलं आहे, ते तू वाचशीलच. (राज्य वॉशिंग्टन, राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं. माझ्या मामंजींना हे चार वर्षांत पटलेलं नाही. ते गावात सांगतात, सूनबाई राष्ट्रपतीच्या गावात राहते.) तक्त्यात जे नाही ते मी सांगते.

आमचा पोरगा २०१७ च्या पोळ्याच्या करीला झाला, २२ ऑगस्टला. आमच्या घाटंजी तालुक्यातल्या गावात बुधवारी लसीकरण असायचं. नर्सबाई निळा डबा घेऊन यायच्या, आशाताई आदल्या दिवशी घरोघरी सांगून जायची. दीड महिन्याचा पहिला पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) ४ ऑक्टोबरला. दुसरा १ नोव्हेंबरला, तिसरा २९ नोव्हेंबरला. एकही बुधवार चुकला नाही. सासूबाई म्हणायच्या, "लेकराले किती टोचता बाप्पा!" आणि रात्रभर त्याच्या मांडीवर थंड पाण्याची पट्टी त्याच ठेवायच्या.

कार्डावर नर्सबाईंनी लिहिलं होतं: ४/१०/१७. १/११/१७. २९/११/१७.

इथे महिना आधी लिहितात. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी पहिली तारीख वाचली ती १० एप्रिल २०१७. दुसरी ११ जानेवारी. म्हणजे पोरगा जन्मायच्या आधीच त्याला दोन डोस दिलेले! तिसऱ्या तारखेला तर एकोणतिसावा महिना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि गुलाबी नखाने तारखेवर टिचकी मारत अगदी गोड आवाजात सांगितलं की हे धरता येणार नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. उपकेंद्रात जा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून एका कोऱ्या कागदावर सगळ्या लसी इंग्रजीत उतरवून घे. महिना अक्षरांत लिहायचा, आकड्यात नाही. लसीचं पूर्ण नाव, सही, शिक्का. 'पेंटा' म्हटलं तर इथे कुणाला कळत नाही. त्यात डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) आहे हे फोडून लिहायला सांग. ऑगस्ट २०२० पासून या राज्यात पालकाने स्वतः भरलेला फॉर्म चालत नाही. नोंद डॉक्टर-नर्सने तपासलेली किंवा सरकारी नोंदवहीतली लागते, आणि तीही शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत.

आता तारखा नीट वाचल्या तरी काय काय धरत नाहीत ते ऐक. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नऊ महिन्यांना देतात, कारण आपल्याकडे गोवर लहानपणीच गाठतो. इथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस शाळेसाठी मोजत नाहीत. शिवाय आपली सरकारी लस गोवर-रुबेलाची, तिच्यात गालगुंड नाही. यांना गालगुंडासकट एमएमआर लागते, दोनदा. कांजण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकातच नाही, इथे तीही दोनदा. कावीळ 'ब'चा शेवटचा डोस बाळ किमान २४ आठवड्यांचं झाल्यावरचा हवा. आपला पेंटा १४ आठवड्यांनाच संपतो, त्यामुळे जन्मल्यावरचा एक आणि पेंटाचे तीन असे चार डोस घेतलेल्या आपल्या लेकराला पाचवा घ्यावा लागतो. पोलिओचं तर विचारूच नको. एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या जगात तोंडाने द्यायच्या लसीतून पोलिओच्या विषाणूचा दुसरा प्रकार काढून टाकला. त्यानंतरचे थेंब इथे धरत नाहीत, सुई लागते. रविवारी शाळेच्या बूथवर नेऊन पाजलेले ते सारे थेंब, करंगळीला लावलेली ती शाई, सगळं गेलं.

तुला निघायला वेळ आहे. अमरावतीला बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर आणि कांजण्यांची लस मिळते. दोन्ही एकाच दिवशी घे, नाहीतर मध्ये २८ दिवस जाऊ दे. पाच-दहा दिवसांच्या फरकाने दिल्या तर दुसरी बाद धरतात आणि पुन्हा टोचावं लागतं. पोलिओची सुई आणि कावीळ 'ब'चा एक डोसही तिथेच उरकून टाक. खर्च होईल, पण इथे आल्या आल्या विमा सुरू व्हायच्या आत डॉक्टरची वेळ मिळवणं जास्त महागात पडतं. लस मुलांना राज्याकडून फुकट आहे. टोचायचे पैसे आणि तपासणीचे पैसे वेगळे. आमचं पहिलं बिल मी चार वेळा वाचलं होतं.

२०२५ पासून आणखी एक गोंधळ आहे. मुलांच्या लसींबद्दल अमेरिकेच्या केंद्र सरकारचं एक आणि राज्यांचं दुसरं अशी स्थिती आहे. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया आणि हवाई यांनी मिळून आपल्या वेगळ्या शिफारशी द्यायला सुरुवात केली. तेव्हा निघायच्या आधी शाळेलाच ईमेल करून ताजी यादी मागव. माझी माहिती पोराच्या वेळची आहे.

आता ती गोष्ट.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. २०१८ च्या शेवटी गोवर-रुबेलाची मोहीम आली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत टोचायचं होतं. व्हॉट्सअॅपवर काय काय फिरत होतं, तुलाही आठवत असेल. आमच्या गावात सकाळी दहा वाजता पटावरचे अर्धे पोट्टे गायब. एक बाप दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोराले दिलं का आधी?" मी घरी गेले, सोळा महिन्यांच्या पोराला कडेवर घेतलं, आणून सगळ्यांसमोर पहिली सुई त्याला दिली. तो रडला, अंगठ्याला शाई लावली, आणि मी तो अंगठा व्हरांड्यातल्या लोकांना दाखवत फिरले. दुपारपर्यंत रांग लागली. त्या मोहिमेचं वेगळं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते शाळेच्या टेबलाच्या खणात राहिलं. राजीनामा देताना खण रिकामा केला तेव्हा ते टाकलं की काय, आठवत नाही.

आणि तीच मी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, त्या ऑफिसातल्या बाईंसमोर उभी राहून माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, आमच्या खेड्यात नोंदी नीट ठेवत नाहीत.

खोटं होतं ते. नोंदी नीटच होत्या. नंतर जाऊबाईंनी उपकेंद्रात जाऊन रजिस्टरचे फोटो पाठवले. एकेक बुधवार, पोराचं नाव, माझं नाव, निळ्या पेनाने. तेव्हा आपल्याकडे दिवस होता, इथे रात्र. साडेबारा तासांचा फरक, फोटो आले तेव्हा मी जागीच होते. पण ऑफिसात मला वाटलं, कीव आली तर काम लवकर होईल. कीव आली. काम काही लवकर झालं नाही. "ओह, आय अंडरस्टँड," त्या म्हणाल्या, मान तिरकी करून. त्या मानेचा मला अजून राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

क्लिनिकची वेळ मिळेपर्यंत शाळा सुरू होऊन गेली. नऊ दिवस पोरगा घरी होता. पिवळी बस आमच्या खिडकीखालून जायची. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आई, मी फेल झालो का?" बसच्या थांब्यावर एक आई भेटली, तिने हसत सांगितलं की तिच्या मुलाला गोवराची सोडून एकही लस दिलेली नाही, त्यांचं मत वेगळं आहे, फॉर्म भरलाय. इथे तसा फॉर्म असतो, डॉक्टरच्या सहीचा. गोवर-गालगुंड-रुबेलासाठी मताच्या कारणावरची सूट मात्र २०१९ मध्ये बंद केली, याच राज्यातल्या क्लार्क काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) गोवराचे ७१ रुग्ण निघाले त्यानंतर. बाकी लसींसाठी सूट आहे. म्हणजे ज्याने बाकीचं काही घेतलं नाही तो पोट्टा पहिल्या दिवशी वर्गात, आणि ज्याचा एकही बुधवार चुकला नाही तो खिडकीत. आमच्या ह्यांनीही तो फॉर्म छापून आणला. "आता भरू, नंतर टोचू." मी पेन उघडला होता, बाई. खोटं नाही सांगत. मग तो शाईचा अंगठा आठवला आणि मी फॉर्मच्या मागे पोराला चित्र काढायला दिलं.

दहाव्या दिवशी क्लिनिकमध्ये एका बैठकीत पाच सुया. तीन उजव्या दंडात, दोन डाव्यात. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. विचारलं, कांजण्या होऊन गेल्या का? झाल्या होत्या, लॉकडाऊनमध्ये माता आली होती; सासूबाईंनी कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, दारात डहाळी लावली, डॉक्टरला दाखवलंच नाही. मातेचं आणि कडुनिंबाचं इंग्रजी करता करता माझी पुरेवाट झाली. शेवटी त्या म्हणाल्या, देऊन टाकू, होऊन गेल्या असल्या तरी अपाय नाही. त्या दिवशी मिळालेल्या कागदावर पोरगा शाळेत बसला, कारण जेवढं देण्यासारखं होतं तेवढं दिलेलं असलं आणि पुढच्या डोसला फक्त अंतर पडायचं असलं, तर प्रवेश देतात. पुढच्या सुया एप्रिलपर्यंत चालल्या. पोराला आता यातलं काही आठवत नाही.

एकटेपणाचं शेवटी विचारलंस. वाटतं. दुपारी दोन ते चार जास्त. ज्वारीचं पीठ आण, भारतीय दुकानातलं शिळं असतं.

नर्सबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. त्या आता निवृत्त झाल्यात म्हणे. दर पोळ्याला फोन करायचा ठरवते. तू उपकेंद्रात जाशील तेव्हा तुमच्या बाईंना शिक्क्याच्या घाईत असल्यासारखं करू नको, बस जरा. चहा देतील.

आणि तो कागद आणि मूळ कार्ड, दोन्ही हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नाही. आमची बॅग तीन दिवसांनी आली होती.